शेजारी कोण उभं होतं

मसुदा आईच्या नावाने आला. आईला जाऊन तेव्हा महिना उलटून गेला होता. पाकीट मी फोडलं, कारण तिची पाकिटं फोडणं हे आता माझं काम आहे, आणि कामं मी करते. वीजबिल भरते, औषधवाल्याचा फोन आला तर नको म्हणून सांगते. सकाळी चहा करते, तो प्यायला की नाही हे कप बघून कळतं.

मसुदा देखरेख मंडळाचा होता. डायलिसिस केंद्रांवर लक्ष ठेवायला सरकारने हे मंडळ नेमलेलं आहे. कुठलाही नियम करण्याआधी ज्यांचा त्याच्याशी संबंध येतो त्यांना विचारायचं, असं त्यांच्यावर बंधन आहे. कसं विचारायचं, तेच आता ते ठरवत होते. मसुद्यातली सूचना अशी होती की रुग्णांना मशीनवर असतानाच विचारावं. रुग्ण तिथे चार-चार तास मोकळाच असतो, त्याला वेगळं यावं लागत नाही, वेळही वाया जात नाही. ही पद्धत आधी वापरून पाहिली आहे आणि फार यशस्वी ठरली, असं पुढे म्हटलं होतं. पुरावा म्हणून मधल्या एका पानावर चौकटीत, तिरप्या अक्षरांत एक वाक्य छापलं होतं.

‘सगळं छान आहे. वेळ थोडा कमी झाला तरी आमची काही तक्रार नाही.’ खाली: एक ज्येष्ठ महिला रुग्ण. गणवेश शिवण्याचा व्यवसाय.

ती आई.

केंद्रांना दिवसात आणखी एक बॅच बसवायची होती, म्हणून प्रत्येकाचा अर्धा तास कापायचा होता. मंडळाने रुग्णांना विचारलं, सगळ्यांनी छान म्हटलं, आणि अर्धा तास गेला. आई त्या अर्ध्या तासाने गेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत. एका रविवारी दुपारी ती घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेली. पण ते वाक्य मला तिथून काढून हवं होतं. तेवढंच. दुसरं काही मला हवं आहे असं वाटतच नव्हतं.

मंडळाच्या कार्यालयात फोन केला. कारकून बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, “निवेदन मागे घ्यायचं तर ज्यांनी दिलंय त्यांनी स्वतः यावं लागतं.”

“त्या वारल्या.”

“अरेरे. मग त्यांचं लेखी पत्र चालेल.”

मी फोन ठेवला. मामा समोर बसला होता. आई गेल्यापासून तो रोज येतो, पेपर वाचतो आणि जातो. त्याने पेपरामागूनच विचारलं, “काय म्हणतायत?”

“आईला स्वतः यायला सांगतायत.”

“सांग की, येईल. तिकडनं गाडी मिळाली की.” मग पेपर खाली करून म्हणाला, “सुनावणी आहे ना मंगळवारी? आपण जाऊ. मी तुझ्यासोबत नुसता बसेन. तोंड उघडणार नाही.”

“तुला जमेल?”

“ताईचा भाऊ आहे मी. आम्हाला तोंडदेखलं गप्प बसता येतं.”

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्यावर पुठ्ठ्याच्या पाट्या: केंद्रचालक, कर्मचारी, डॉक्टर, रुग्ण. ‘रुग्ण’ची खुर्ची रिकामी होती. मंगळवारी सकाळी अर्धे रुग्ण मशीनवर असतात आणि उरलेले सोमवारच्या मशीनमधून सावरत अंथरुणात असतात. इतकी वर्षं आईला कुठल्याच सुनावणीला जाता आलं नाही ते याचमुळे. मी कुठे बसायचं ते शिपायाला कळेना. त्याने यादी पाहिली, मला पाहिलं, आणि मागच्या भिंतीलगतच्या खुर्च्या दाखवल्या. तिथे पाटी नव्हती.

मामा कानात म्हणाला, “ती रिकामी आहे, तिथे बस ना.”

“मी रुग्ण नाही.”

“ते तिघं तरी कुठे माणसं आहेत? पाट्याच आहेत.”

“गप्प बसणार होतास.”

“सुरू कुठे झालंय अजून?”

अध्यक्षबाई आल्या. थकलेला, समजूतदार चेहरा, हातात स्वतःची पाण्याची बाटली. त्यांच्या शेजारी सचिव बसले. त्यांना मी ओळखत होते. मशीनवर रुग्णांना प्रश्न विचारत फिरले होते ते हेच. तासभर मसुद्याचं वाचन झालं. केंद्रचालकांनी पद्धतीचं कौतुक केलं. “खर्च नाही, गैरसोय नाही, आणि रुग्ण मोकळेपणाने बोलतात,” ते म्हणाले. “ते चौकटीतलंच वाक्य बघा.”

मी हात वर केला. मीच तो वर केला असणार, कारण सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “आपण कोणाच्या वतीने?”

“ते वाक्य माझ्या आईचं आहे. ती आता नाही. ते काढावं.”

केंद्रचालक हळहळले आणि म्हणाले, “पण मॅडम, मुद्दा असा आहे की रुग्ण हयात असेपर्यंतच नातेवाईक संबंधित धरले जातात. उद्या कोणीही उठून म्हणेल, माझ्या माणसाचं वाक्य काढा.”

“त्यांचं बरोबर आहे,” अध्यक्षबाई मला म्हणाल्या. ते बोलणं त्यांना आवडत नव्हतं हे दिसत होतं. “निवेदन तुमच्या आईंचं आहे. आम्हाला ते काढायचा अधिकार नाही. तुम्हालाही नाही.”

मामाने घसा खाकरला. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

आई घरी आली की त्या दिवसाबद्दल काय म्हणायची, ते मी सांगू शकले असते. “आयुष्यभर सुई माझ्या हातात होती,” ती म्हणायची, “आता सिस्टरच्या हातात आहे. मग माझ्या तोंडात साखरच असणार.” पण ते मी सांगितलं असतं, तिने नव्हे. त्याचं वजन तिथे शून्य होतं. म्हणून मी सचिवांना विचारलं, “तुम्ही हे वाक्य लिहून घेतलंत तेव्हा कुठे उभे होतात?”

ते गोंधळले. “पलंगाच्या पायथ्याशी.”

“आणि शेजारी कोण उभं होतं?”

त्यांनी चष्मा काढला. माणूस खोटा नव्हता. आठवत होता. “मोठ्या सिस्टर होत्या. मशीन संपलं होतं. त्या सुई काढत होत्या.”

“आईच्या हातातून.”

“हो.”

“त्यांनी काही दबाव वगैरे...” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “मोठ्या सिस्टर फार चांगल्या आहेत. आईची शीर सापडायची नाही, ती त्यांनाच सापडायची. आई त्यांना वाईट वाटेल असं बोलली नसती. आणि परवा पुन्हा त्यांच्याचकडे हात पुढे करायचा होता.”

अध्यक्षबाईंनी चौकटीतलं वाक्य पुन्हा वाचलं.

“वाक्य काढता येत नसेल तर राहू दे,” मी म्हणाले. “तिनेच म्हटलंय ते. पण खाली लिहा. कुठे म्हटलं, आणि शेजारी कोण उभं होतं.”

केंद्रचालक हसले. “अहो, असं एकाच्या खाली लिहिलं तर सगळ्यांच्याच खाली लिहावं लागेल!”

“लिहा,” मामा म्हणाला.

अध्यक्षबाईंनी सचिवांकडे पाहिलं. “आठवतंय तुम्हाला सगळ्यांचं?”

सचिवांनी मसुदा पुढे ओढला. एकेक निवेदन उघडून ते सांगू लागले, हजेरी घेतल्यासारखे. सिस्टर. सिस्टर. तंत्रज्ञ. एकाच्या वेळी केंद्राचे व्यवस्थापक, फळांची टोपली घेऊन. सिस्टर. एका म्हातारबाबांपाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “यांच्याजवळ कोणी नव्हतं.” पान पुन्हा वाचलं. “यांनी एवढंच विचारलंय, की हे तुम्ही कोणाला दाखवणार आहात?”

“ते निवेदन कुठल्या गटात धरलंत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“‘उत्तर नाही’ म्हणून बाजूला काढलं होतं.”

अध्यक्षबाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिता लावलं. मग त्यांनी सांगितलं ते कारकून बाईंनी टिपून घेतलं. सगळ्या निवेदनांखाली जागा आणि हजर माणसं लिहायची. मशीनवर विचारण्याची सूचना तूर्त बाजूला ठेवायची. केंद्रचालकांनी विरोध नोंदवा म्हटलं. तोही नोंदवला. आईचं वाक्य चौकटीत होतं तिथेच राहिलं.

मला बरं वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. मामाने माझी पर्स उचलली आणि आम्ही निघालो.

जिन्यात सचिवांनी गाठलं. धाप लागली होती. “एक विचारू का? औपचारिक नाही. मशीनवर नाही विचारायचं तर कुठे विचारायचं? घरी गेलो तर नातलग बोलतात. इथे बोलावलं तर येता येत नाही.”

मला तो प्रश्न आवडला. कितीतरी दिवसांनी काहीतरी आवडलं, म्हणून मी नीट आठवून सांगितलं. केंद्राच्या फाटकाबाहेर एक सिमेंटचा बाक आहे. मशीन संपलं की रुग्ण तिथे गाडीची वाट बघत बसतात, हातावरचा कापूस दाबून धरून. आत जे बोलायचं नसतं ते सगळं तिथे निघतं. पाणी कसं येतं, कोणाचं मशीन मध्येच बंद पडलं, कोणाला लवकर उठवलं. आईची जीभ त्या बाकावर कात्रीसारखी चालायची. आणि अर्धा तास कापल्यापासून घरी जाताना पायात गोळे येतात, हेही तिने तिथेच सांगितलं होतं, हसत हसत.

“तिथे जाऊन बसा,” मी म्हणाले. “लगेच विचारू नका.”

ते लिहायला लागले आणि थांबले. आता त्यांना सवय लागली होती.

“आणि तिथे,” त्यांनी विचारलं, “तिथे शेजारी कोण असायचं?”

“मी,” मी म्हणाले.