प्रेमसिंगची आण

बँकेच्या नोटिशीची खळ वाळायच्या आत प्रेमसिंग दारात हजर झाला. पारुबाईला पहिला संशय तिथंच आला. नोटीस सकाळी दाराला चिकटली. शेजाऱ्यांनी अजून धड वाचलीही नव्हती, आणि हा गडी हिंगोलीच्या पार दुसऱ्या टोकाहून दुपारच्या चहाला आला.

प्रेमसिंग त्यांच्याच तांड्यातला, साखऱ्याकडचा. आता शहरात प्लॉटांची दलाली करायचा. पारुबाईचा नवरा वसराम आश्रमशाळेत शिपाई होता. अनुदान अडलं म्हणून संस्थेनं वर्षभर पगार दिला नाही. संस्थेच्या अध्यक्षाचा बंगला मात्र त्याच वर्षी दुमजली झाला. वसरामच्या घराचे हप्ते थकले. नोटीस अध्यक्षाला नाही आली, शिपायाला आली. दोन महिन्यांत थकबाकी भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ.

"घाबरू नको भिया," प्रेमसिंग बशीत चहा ओतत म्हणाला. "खरेदीखत माझ्या नावानं करून दे. बँकेचं मी पाहतो. तुमी इथंच राहा, थोडंबहुत भाडं द्या. हात मोकळा झाला की घर वापस."

"हे वापसीचं खरेदीखतात लिहाल ना?" पारुबाईनं विचारलं. कर्ज देताना बँकेनं घर दोघांच्या नावावर करायला लावलं होतं. तिच्या सहीशिवाय ते हलणार नव्हतं.

"आपल्या माणसात लिहापढी काहून, भाबी? सेवाभायाची आण घेतो. वापस न्हाई केलं तं माझ्या लेकराचं वाटोळं होईल. बस?"

वसरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

बंजाऱ्यांच्या तांड्यात या संताची आण कशी घेतात हे पारुबाईनं लहानपणी पाहिलं होतं. एका बकरीवरून दोघं भांडले. बकरी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ज्याची होती तो सेवाभायाच्या पांढऱ्या झेंड्याखाली दुपारपर्यंत घुम्यासारखा बसला आणि शेवटी म्हणाला, बकरी जाऊ द्या, आण नको. खऱ्या माणसालाही आण जड जाते. आणि यानं कोणी मागितली नसताना लेकराचं नाव घेऊन टाकलं, पान खाऊन पिंक टाकावी तसं.

प्रेमसिंग गेल्यावर वसराम भडकला. "आण घेतली त्यानं. आजून काय पाह्यजे तुला?"

"घेतली म्हणूनच मी सही करत न्हाई."

"घरच्या माणसावर संशय घेऊन राहिली तू. मंग इस्वास ठेवायचा कोणावर, त्या बँकेवर?"

"तिच्यावर बी न्हाई. पण तिला इचारून तं येते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बँकेत गेली. कर्जाच्या टेबलावर नीलांबरी मॅडम होत्या. पारुबाईनं बसायच्या आधी विचारलं, "आमचं थकलं हे प्रेमसिंगला कोणी सांगितलं?"

मॅडमनी कोपऱ्यातल्या मॅनेजरच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ते मला विचारू नका. दुसरं काय ते विचारा."

"घर वाचायचा रस्ता इचारते."

रस्ते होते. मुदतीच्या आत लेखी अर्ज द्यायचा, पगार अडल्याचं शाळेचं पत्र जोडायचं. मग थकलेलं पुढच्या वर्षांत वाटून हप्ता लहान होऊ शकतो. व्याज जास्त जातं, पण घर राहतं. तेही झेपणार नसेल तर बँकेला सांगून आपणच गिऱ्हाईक पाहायचं, कर्ज फेडून वरचे पैसे आपले. गप्प बसलं तर लिलाव.

"हे नोटिशीत काहून न्हाई?"

"कोणी विचारत नाही हो, बाई."

विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. दाराला कागद चिकटवायला मात्र माणूस गाडीनं येतो.

सोमवारी प्रेमसिंग स्टॅम्पपेपर घेऊन जीपनं आला. वसराम धुतलेला शर्ट घालून तयारच होता.

"करते सही," पारुबाई म्हणाली. "पण भिया, तुमच्या घराचं बी खरेदीखत आजच आमच्या नावानं करा. तुमी बी तिथंच राहा. आमचं वापस आलं की तुमचं वापस. आमी दोघं आण घेतो."

प्रेमसिंग हसला. कोणीच हसत नाही हे पाहून थांबला. "असं कुठं असते काय, भाबी?"

"काहून? सेवाभाया तोच हाय."

"माझी बायको ऐकायची न्हाई."

"मी बी कोनाची बायकोच हाय ना."

प्रेमसिंगनं वसरामकडे पाहिलं. वसरामनं पारुबाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती बराबर बोलून राहिली, प्रेमसिंग. दे तुझं घर."

प्रेमसिंगच्या घराला बायको होती, लेकरं होती, म्हातारी होती. वसरामच्या घरालाही होती, पण ते त्याला आता आठवलं. "भलाई करायला आलो आन् चोर ठरलो," असं पुटपुटत तो जीपमध्ये बसला. पुढं तांड्यात त्यानं सांगत फिरून पारुबाईला माजोरी ठरवलं. ठरवू द्या.

अर्ज मंजूर व्हायला पावसाळा उलटला. पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या, घरची सगळी स्वयंपाकघरात सरकली. नवा करारनामा समोर आला तेव्हा वसरामनं पेन उचललं. पारुबाईनं त्याचा हात धरला.

"आधी वाच. मोठ्यानं."

त्यानं सगळा वाचला. नीलांबरी मॅडम घड्याळाकडे पाहत म्हणाल्या, "अहो, मीच केलंय सगळं. माझ्यावरही विश्वास नाही का?"

"न्हाई," पारुबाई म्हणाली. "वाच जी पुन्हा, सुरुवातीपासून."