इंजिनाला पाजलेलं नारळपाणी

मित्रांनो, आमच्या मालकांच्या पोराला, अरिहंताला, बोलायची रीत नाही. ज्या गाडीतून बायको घरी आणली, त्याच गाडीच्या चाकाला लाथ मारून तो म्हणाला, "तात्या, ही म्हातारी आता भंगारात घालायची. ऐतवारी कागलचं गिऱ्हाईक येतंय."

म्हातारी म्हणे! मी कसबा बावड्याच्या तात्यासोंची मोटार आहे. नव्व्याण्णव साली आले, तेव्हा गल्लीतली पहिली कॉम्प्युटरवाली गाडी मीच. शाळा मी फाटकाबाहेरूनच पाहिली, पोरं सोडण्यापुरती. पण गडहिंग्लजच्या रस्त्याचा खड्डा न खड्डा मला पाठ आहे. सात वर्षांत कुणाला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही. तात्यासो रोज सकाळी काच पुसायचे आणि म्हणायचे, "चल बाई." तेवढ्या कौतुकावर मी भागवलं.

गेल्या दसऱ्यानंतर मात्र माझं बिनसलं. थंड असताना बरी चालायचे, तापले की मध्येच बंद. एकदा तर भर व्हीनस कॉर्नरला अडले. मागून भोंग्यांचा नुसता कालवा! मेल्याहून मेल्यासारखं झालं. घटकाभर थांबलं की पुन्हा चालू.

अरिहंतानं मला एका मोठ्या गॅरेजात नेलं. तिथं मला दोष शोधायचं यंत्र जोडलं. माझ्या पोटात एक दांडा फिरतो, तो झडपा उघडतो. त्याला म्हणतात कॅमशाफ्ट. तो कुठवर फिरलाय, हे कॉम्प्युटरला कळवायचं काम एका बोटाएवढ्या सेन्सरचं. यंत्रानं त्या सेन्सरचंच नाव घेतलं. त्यांनी नवा बसवला. दोन दिवसांनी मी पुन्हा बंद. मग म्हणाले, इंजिनच खोलावं लागेल. तिथंच अरिहंतानं गिऱ्हाईक शोधलं.

तात्यासो मात्र शनिवारी मला उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीकडे घेऊन गेले. शेजारी अरिहंत, तोंड वाकडं करून.

आकारामनं यंत्राला हातच लावला नाही. "चालूच ठेवा पावणं. तापू द्या तिला."

अर्धा तास मी जीव मुठीत धरून घरघरत होते. उद्या ऐतवार होता. मग तो एकेक वायर बोटानं हलवत निघाला. सेन्सरच्या प्लगला बोट लागलं आणि मी गचकन बंद! चावी फिरवली, चालू. पुन्हा प्लग हलवला, पुन्हा बंद.

"निरोप्या धड हाय, त्येची वाटच मोडलीया," म्हणत त्यानं प्लग उपसला. आत हिरवा गंज. "पाणी गेलंय हितं. इंजिन धुतलंसा काय?"

"न्हाय की," तात्यासो म्हणाले.

"आठवा जरा."

अरिहंताचे कान लाल झाले. "खंडेनवमीला... समदी चाकाम्होरं नारळ फोडत्यात. म्हटलं, आपण इंजिनालाच देऊया. बॉनेट उघडून पाणी आत वतलं."

आकाराम पोट धरून खाली बसला. "आवो, पेट्रोल पिणारी बाई ती! तिला नारळपाणी कुणी सांगितलं?"

तात्यासोंना हसू आवरेना. मलाही आलं असतं, पण मी बंद होते.

आकारामनं गंजका प्लग कापून नवा जोडला. तात्यासोंनी मला पार निपाणीपर्यंत पळवलं आणि परत आणलं. अंग चांगलंच तापलं, पण एकदाही अडले नाही. काय सांगू, पोरांनो, सगळे नटबोल्ट सैल झाल्यासारखं हलकं वाटलं! दारात पोचताच अरिहंतानं फोन लावला. "पावणं, येऊ नगासा. गाडी इकायची न्हाय."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं, म्हणून आमचं दुखणं तुम्हीच शोधायचं. अरिहंत फोन खिशात घालून माझ्यापुढं उभा होता. त्याला ऐकू जावो न जावो, मी त्याला मोठ्यानं सुनावलं, "तुझ्या भक्तीत खोट नाही रे. पण कुणाला मोडीत काढायच्या आधी त्याचं नेमकं कुठं दुखतंय, ते हात लावून बघावं, गाढवा!"