एकेचाळिसावी गाठ

शिंपिणीनं निळ्या दोऱ्याची चाळिसावी गाठ मारली. आता एकच उरली होती.

हे गाठींचं प्रकरण कळायला आधी तिच्या आईची रीत सांगायला हवी. आईही शिंपीणच. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मापात सुताचाही फरक पडायचा नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक कापडी पट्टी. छातीला एक चीर, कमरेला दोन, बाहीला तीन. टोपी शिवायची असेल तर पट्टी डोक्याभोवती फिरवायची आणि टोकं भेटतील तिथेच कापायची. एका पत्र्याच्या डब्यात अख्खी गल्ली गुंडाळून ठेवलेली होती म्हणा ना.

आई गेली ती मशीनवरच. शिवता शिवता मान खाली गेली, एवढंच. डोक्यात रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. "त्यांचं डोकं दुखायचं का?" त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षांच्या लेकीला ते ठाऊक नव्हतं. महिन्याभरानं डबा आवरताना तिला एक आखूड पट्टी सापडली. तिला चीर एकही नव्हती, नुसत्या लाल गाठी, एकेचाळीस. उत्तर मिळालं, असं तिला वाटलं. आई प्रत्येक दुखण्याला एक गाठ मारत होती, आणि एकेचाळीस झाल्यावर संपली.

वीस वर्षं तो डबा मुकाट्यानं फळीवर बसला. मग गेल्या वर्षी शिंपिणीचं स्वतःचं डोकं दुखायला लागलं. उजव्या भुवईच्या वर, आतून कुणी बोटानं टकटक करावं तसं. तिनं एक नवी पट्टी घेतली आणि निळा दोरा ओवला.

डॉक्टरकडे ती गेली नाही असं नाही. उलट जरा जास्तच गेली. डोळे तपासून झाले, रक्त तपासून झालं, यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढून झाले. सगळं स्वच्छ. "मानेवर ताण येतो. तासातासानं मशीनवरून उठा, पाणी प्या, दुखलं तर ही गोळी घ्या," पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवस बाई हवेत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या मनात आलं, यंत्राला दिसलंच नसेल तर? दुसरे झाले, तिसरे झाले.

"अगं, चौथा काय निराळं सांगणार?" नवऱ्यानं हात टेकले.

तिनंही मग बोलणं सोडलं आणि शिवायला घेतलं. लेक टिल्ली आठ वर्षांची. नवव्या वर्षाचा फ्रॉक, दहाव्याचा, अकराव्याचा. मापं नुसती अंदाजानं, वाढत्या अंगाची. अठराव्या वर्षापर्यंतचे कपडे तिनं पेटीत घड्या घालून ठेवले. आपण नसलो तर पोरीच्या अंगावर परक्या हातचं शिवलेलं नको, एवढाच तिचा हट्ट. हट्ट कसला, भीतीच ती.

चाळिसावी गाठ मारली त्याच दुपारी काजेवाल्या मावशी आल्या. आईच्या वेळी दुकानातली बटणांची सगळी काजं त्या करायच्या. पुढे मुलाकडे राहायला गेल्या त्या आज उगवल्या. आल्या आल्या सुई मागितली आणि समोरचा सदरा ओढून काजं करायला बसल्या. स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. टिल्ली कापायच्या टेबलाखाली गृहपाठ करत होती.

शिंपिणीला राहवलं नाही. तिनं लाल गाठींची पट्टी पुढे केली. "मावशी, आईनं तुम्हांला काही सांगितलं होतं का हिच्याबद्दल?"

मावशींनी पट्टी उलटसुलट पाहिली. मग ती शिंपिणीच्या डोक्याभोवती फिरवली. टोकं भेटेनात. दोन बोटं कमी पडली.

"शिंपीण ना गं तू?" मावशी म्हणाल्या. "एवढी वर्षं गाठी मोजत बसलीस आणि पट्टी मोजली नाहीस? हे लहान पोराचं डोकं आहे. तुझं आहे."

शिंपिणीनं पट्टी ओढून घेतली आणि टेपला लावून पाहिली.

"सात वर्षांची होतीस. शाळेतून आलीस की डोकं धरून बसायचीस. तुझ्या आईचं धाबं दणाणलेलं असायचं. पुढे तुला चष्मा लागला, दुखणं पळालं आणि गाठी थांबल्या. ती गेली ती त्यानंतर बारा वर्षांनी."

शिंपिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. केवढं ओझं उतरलं होतं! मग तिनं विचारलं, "आणि तिचं स्वतःचं दुखायचं का?"

"दुखायचं की. मला एकदाच म्हणाली होती. म्हणाली, पोरगी टक लावून बघते, तिच्यासमोर कपाळाला हात लावायची सोय नाही."

"मग तिची पट्टी कुठाय?"

"तिची कोण काढणार?"

मग टेबलाखालून खुडबुड ऐकू आली. टिल्ली दप्तर घेऊन बाहेर आली. कंपासपेटीतून तिनं एक पट्टी काढली, हिरव्या, पिवळ्या, काळ्या, मिळतील त्या दोऱ्यांच्या गाठी मारलेली.

"ही तुझी, आई. तू दुपारी झोपलीस ना, तेव्हा माप घेतलं. तू कपाळाला हात लावलास की मी एक मारते, तू मारतेस तशी."

तिनं पट्टी आईच्या डोक्याभोवती धरली. टोकाला टोक बरोब्बर भेटलं. गाठी चाळिसाहून कितीतरी जास्त होत्या.

"पेटीतले फ्रॉक मी पाहिलेत," टिल्ली म्हणाली. "अठराव्या वर्षाचापण. किती गाठी झाल्या की तू जाणार?"

शिंपिणीनं तिला छातीशी घट्ट धरलं. "मी कुठेही जात नाही गं, बाळा," असं ती दोनतीनदा म्हणाली. पेटीतले कपडे आजच उसवायला काढायचे, हेही तिनं मनाशी ठरवलं. आणि तेवढ्यात उजव्या भुवईच्या वर टकटक सुरू झाली.

तिचा हात सवयीनं उचलला गेला. टिल्लीची बोटं दप्तरातल्या दोऱ्याच्या रिळाकडे गेली. ते पाहून शिंपिणीचा हात मध्येच थांबला, खाली आला आणि पोरीच्या केसांवर टेकला.

"दुखतंय का?" टिल्लीनं विचारलं.

"छे गं. कुठे काय?"

हुबेहूब तिच्या आईचा तो आवाज ऐकून काजेवाल्या मावशींनी दचकून वर पाहिलं.