ड्यूटीवरच्या माणसाला कळवायचं नाही

मी एक जुनी काळी पेटी आहे, मित्रांनो. पत्र्याची, दोन कड्यांची आणि अंगावर पांढऱ्या रंगाने नाव-नंबर मिरवणारी. नाव माझे नाही, माझ्या धन्याचे आहे: हवालदार भागवत. आता बेंबळीच्या त्याच्या घरात खाटेखाली पडून असते, पण सतरा वर्षे मी पलटणीबरोबर देशभर फिरले आहे.

भागवत मेंढरे राखणाऱ्या घरातला. सुट्टी संपवून तो निघाला की त्याची आई सखूबाई त्याच्या कपाळाला भंडारा लावी आणि उरलेला माझ्या झाकणाला. बराकीतल्या इतर पेट्या मला ‘हळदीची नवरी’ म्हणून चिडवत. मला मात्र त्याचा राग येत नसे.

त्या घराचा एक नियम होता. ड्यूटीवरच्या माणसाला घरचे वाईट कळवायचे नाही. एकदा सखूबाईचा पाय मोडला, ती तीन महिने अंथरुणावर होती. भागवतला ते सुट्टीवर आल्यावर कळले. मला वाटले, आता हा रागावणार. पण तो म्हणाला, “बरं केलंस माय. कळलं असतं तर तिथं माझं ध्यान लागलं नसतं.” सखूबाईने ही शाबासकी मनात जपून ठेवली.

तो निवृत्त झाला तेव्हा गावाने जीपमधून मिरवणूक काढली. मीही जीपमध्ये होते. सखूबाईला वाटले, आता लेक कायमचा घरी आला. पण नोकरीत असतानाच त्याने पदवी घेतली होती आणि त्याला पुण्याच्या एका कॉलेजात एमबीएला प्रवेश मिळाला. दोनच वर्षे, माय, असे त्याने समजावले. तो चाकांची नवी बॅग घेऊन निघाला. सखूबाईने सवयीने भंडारा माझ्याच झाकणाला लावला. मी जाणार नाही हे लक्षात आल्यावर तिचा हात तिथेच थांबला. मला फार वाईट वाटले.

दर रविवारी त्याचा फोन येई. सगळे छान चालले आहे, असे तो आईला सांगे. बायकोला, वर्षाराणीला, मात्र खरे सांगे. बावीस वर्षांची पोरे भराभर इंग्रजी बोलतात, मी मागच्या बाकावर गप्प बसतो, सोडून यावेसे वाटते. आईला बोलू नकोस, असेही बजावे. वर्षाराणी बिचारी दोन्हीकडचे ऐकून घेई.

श्रावणात सखूबाईचे पोट दुखू लागले. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले, दुखणे फार पुढे गेले आहे. तिने तपासणीचे कागद माझ्यात, घोंगडीखाली ठेवले.

“आत्या, ते काय बॉर्डरवर न्हायती,” वर्षाराणी काकुळतीने म्हणाली. “पुण्यात हायती. सकाळी निघाले तर दुपारी घरी येत्यात.”

“ड्यूटी ती ड्यूटी,” सखूबाई म्हणाली. “परीक्षा होऊ दे. मग म्याच सांगते.”

दिवाळीला भागवत दोन दिवस आला. तिने उठून त्याला भाकरी करून वाढली. कागद माझ्या पोटात होते आणि मला बोलता येत नव्हते.

मार्गशीर्षात एका सकाळी वर्षाराणीने न राहवून फोन केला. भागवत दुपारी पोचला. सखूबाई तासाभरापूर्वी गेली होती.

पुढे काही दिवसांनी घोंगडी काढायला त्याने मला उघडले. कागद हाती लागले. तो एकेक तारीख वाचत गेला. श्रावण, भादवा, दिवाळीच्या आधीचा आठवडा.

“मला का सांगितलं न्हाय?” त्याने विचारले.

वर्षाराणी रडत म्हणाली, “आत्या म्हणायच्या, त्यानंच म्हणलं हुतं, बरं केलंस माय.”

तो माझ्याजवळ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझी तक्रार नाही. एवढेच करा, घरातले दुखणे माझ्यासारख्या पेटीत ठेवू नका. ज्याला कळायला हवे त्याला वेळेवर सांगा.

राहिलेले पेपर द्यायला भागवत परवा पुण्याला गेला. उंबऱ्यात तो सवयीने कपाळ पुढे करून उभा राहिला. मग परत आत आला, माझ्या झाकणाच्या खाचेत उरलेला भंडारा त्याने बोटाने खरवडला आणि स्वतःच लावून घेतला.