तिसऱ्या ओळीतला सामंत

शिवयोगीच्या एका शिलालेखावरच्या प्रबंधाला दोन विभागांच्या सह्या लागत होत्या. शिलालेखाचा काळ इतिहासाचे दुधनीकर सर पाहणार, भाषा हत्तुरे सर तपासणार. सदतीस सालच्या मार्चात दोघं सोलापूर स्टेशनावर उतरले ते एकाच गाडीतून, पण वेगवेगळ्या डब्यांतून. ते बघून शिवयोगी टांग्यात दोघांच्या मधेच बसला.

टांगा कुंभारी ओलांडून पुढच्या गावी पोचला. तळ्याकाठी शिळा उभी होती. वर कन्नड, खाली झिजलेल्या दोन ओळी मराठी. दुधनीकर सरांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा माझा कोडिय. या मुलखाचा सामंत."

या सामंतावर त्यांनी लिहिलेला लेख सगळीकडे वाखाणला गेला होता.

"सामंत म्हणता, मग तो करतो काय?" हत्तुरे सर म्हणाले. "ओळीत त्याचं क्रियापदच नाही. आणि शिवयोगी, तुम्ही तर प्रबंधात नुसतं 'अर्थ विवाद्य' लिहून मोकळे झालात. विवाद काय आहे, सांगा की."

 अर्थ शिवयोगीला दोन महिन्यांपासून ठाऊक होता. बोलावं तर एक सही जाणार, गप्प बसावं तर दुसरी. दोघंही त्याच्याकडे रोखून बघत होते.

"सर," तो दुधनीकरांना म्हणाला, "तळं भरून सांडव्यावरनं पाणी जायला लागलं, की माझी आई 'कोडी पडली' म्हणते. आमच्या कन्नडात कोडी म्हणजे सांडवा. कोडिय म्हणजे सांडव्याचं. सांडव्याखालचं शेत देवाला दिलंय, एवढंच आहे इथं. खालच्या मराठी ओळीत 'सेत', म्हणजे शेत, हा शब्द शाबूत आहे. सामंत... कुणी नाही, सर."

दुधनीकर सरांचा चेहरा लाल झाला. "घरातली बोली शिलालेखाला लावतोस?"

"ह्याच तळ्याकाठची बोली आहे, सर."

हत्तुरे सर खो खो हसले. दुधनीकर गर्रकन वळले. "तुम्हाला ठाऊक होतं हे?"

हत्तुऱ्यांचं हसू जिथल्या तिथं विरलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुधनीकर एकटेच बांधावरून चालत गेले आणि फुटक्या सांडव्याच्या दगडावर बसले. अर्धा तास झाला. टांगेवाल्यानं घोड्याला पाणी पाजलं. शिवयोगी जागचा हलला नाही. चार वर्षांची मेहनत आपण एका शब्दापायी घालवली, असं त्याला वाटत होतं. पण आता दुसरं काही बोलताही आलं नसतं.

सर परत आले ते धोतराला लागलेली माती झटकत. "लेख मी मागे घेणार नाही," ते म्हणाले. "तुझं तू लिही. माझं नाव घेऊन खोडून काढ. आडून लिहू नकोस."

"आणि सही, सर?"

ते टांग्यात चढले.

दिवाळीनंतर दुधनीकर सरांनी सही केलेली प्रत टपालानं आली. सोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नव्हती. पदवी मिळाल्यावर शिवयोगीनं त्यांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.