बिनगाठीचे टाके

थोरलीला पक्ष्यांकडून धडे घ्यायची, खरं म्हणजे ते दुसऱ्याला द्यायची, फार हौस. परसातल्या झाडावर होला चार काड्या टाकून त्यालाच घरटं समजून बसलेला दिसला की ती खिडकीतून ओरडायची, "धाकटे, बघ गं, तुझ्या तुरपाईचा भाऊ आला!" साळुंक्या भांडल्या की धडा, चिमणीनं धुळीत आंघोळ केली की धडा, आणि प्रत्येक धडा फिरून फिरून धाकट्या जावेच्याच डोक्यावर येऊन बसायचा.

घर एक, परस एक, शिलाई मशीनं दोन. पुढच्या खोलीत थोरली, मागच्या खोलीत धाकटी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. थोरलीनं तिला हाताला धरून शिकवलं. आता गिऱ्हाईकं पुढच्या खोलीत "काय ताई, बरं आहे ना?" असं विचारून सरळ मागे जायची. थोरली तोंडभर हसायची आणि मग मशीन असं हाणायची की ते बिचारं किंचाळायचं.

तेवढं तिनं गिळलंही असतं. पण त्या दिवशी पोटच्या लेकीनंच घाव घातला. लेक गाते. मोठ्या सभागृहात पहिल्यांदाच एकटी गाणार होती आणि त्यासाठी तिनं निळं रेशमी कापड आणलं होतं. थोरलीनं कात्रीला धार लावून ठेवली होती. लेक मात्र कापड छातीशी धरून, आईची नजर चुकवत, मागच्या खोलीकडे निघाली.

"काकू शिवेल," ती जाता जाता म्हणाली. "तुला आधीच किती कामं!"

कामं! थोरलीच्या टेबलावर उशीचा एक अभ्रा पडला होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रडू दिसू नये म्हणून ती परसात गेली आणि अंजिराच्या झाडाशी उभी राहिली. तिथं शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. मूठभर जीव, शेपटी वर, आवाज मात्र घरभर. पानाला भोकं पाडून, दोरा ओवून घरटं शिवणारा पक्षी, म्हणजे आपल्याच पेशातला! थोरलीनं त्याच्यासाठी आपल्या रिळाचे किरमिजी दोरे भिंतीवर मांडून ठेवले होते, आणि घरभर सांगितलंही होतं की ते घरटं माझ्या दोऱ्याचं आहे.

पक्षी कुठे दिसत नव्हता. तिनं पान हलकेच वळवलं. दोन पानांच्या कडा जुळवलेल्या, आत कापसाची रिकामी वाटी, आणि दोरा हिरवा. धाकटीच्या खिडकीखालच्या कातरणातला. किरमिजी दोरे भिंतीवर जसेच्या तसे पडले होते.

"तूसुद्धा?" थोरली म्हणाली.

वर टाके तरी कसले! हे एवढे लांब लांब, सैल, आणि टोकाला गाठच नाही. दोऱ्याचं टोक नुसतं पिंजून सोडलेलं. जळफळाट होताच, त्यात हे गबाळं काम. थोरली आत गेली, सुई घेऊन आली आणि हिरवा दोरा ओढून काढून ती पानं किरमिजी दुहेरी दोऱ्यानं शिवू लागली. जवळ जवळ टाके, दोन्ही टोकांना पक्की गाठ. दोरा दातानं तोडताना दिवसभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

आठवडाभरात वारा सुटला आणि पान टाक्यांच्या रेघेवरच फाटलं. कापसाची वाटी उलटी लोंबत होती. शिंपीण त्यातला कापूस चोचीनं ओढून नेत होती, तोही कुठे, तर धाकटीच्या खिडकीवरच्या वेलावर!

धाकटी कपडे वाळत घालायला आली आणि अंजिराशी थबकली.

"ताई, हे टाके तुमचे."

"कशावरून?"

"ही गाठ. ती जमेपर्यंत किती रडवलंत मला!"

नाजूक कापडावर टाके जवळ घातले की ते शिवणीवरच फाटतं, हे ती शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग मोठा झाला.

"घे, पाखरूही घे!" ती ओरडली. "गिऱ्हाईकं घेतलीस, लेक घेतलीस, आता हेच राहिलं होतं!"

"ती माझ्याकडे आली कारण..." धाकटीनं जीभ चावली. "रेशीम आहे ना ताई. रेशमावर उसवल्याची भोकं दिसतात."

"उसवायचं कशाला? माझं शिवलेलं कुणी कधी उसवलंय?"

धाकटी ओले कपडे बादलीत तसेच टाकून आत पळाली.

थोरली तरातरा लेकीच्या कपाटाशी गेली. स्वतः शिवलेला पिवळा कुडता तिनं उलटा केला. कुशीला तिच्या शिवणीच्या जागी नुसती भोकांची रांग होती. त्या रांगेच्या बाहेर, आत दाबलेल्या जास्तीच्या कापडात, कुडता सैल करणारी दुसरी शिवण होती. दोरा किरमिजी, पण टोकाला गाठ नव्हती. तिनं दुसरा कुडता काढला, तिसरा काढला. मग अगदी तळाचा, लेक गाणं शिकायला लागली तेव्हाचा झगा. सगळीकडे तेच.

लेक दारात येऊन उभी होती.

"एकदा सांगितलं होतं तुला, कपडे घट्ट होतात, गाताना श्वास पुरत नाही म्हणून," ती हळूच म्हणाली. "तू दोन दिवस मशीनला हात लावला नाहीस. जेवलीसुद्धा नाहीस. मग काकू म्हणाली, मी सैल करून देते, पण ताईंना कळू द्यायचं नाही."

"आणि माझा दोरा?"

"तुझ्याच डब्यातून. मीच चोरून द्यायचे."

इतकी वर्षं हे कपडे तिच्या डोळ्यांसमोर वावरले आणि तिला पत्ता नाही! थोरलीला रडू आलं. त्या रडण्यातही एक जळता निखारा होताच, की मेलीचा हात इतका साफ की माझ्यासारखीला फरक कळू नये.

ती मागच्या खोलीत गेली. धाकटी मशीन थांबवून भेदरून उभी राहिली. थोरलीनं निळा झगा उचलला, उलटा केला आणि खोट शोधली. सापडली नाही.

"श्वासाला किती ठेवलंस?"

"दोन बोटं."

"तीन ठेव. वरच्या सुराला ती बरगड्या फुगवते."

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"बघत होते की. मला वाटायचं, माझ्या शिवणीमुळं पोरगी ताठ उभी राहते."

थोरली स्टुलावर बसली, झग्याचा घेर मांडीवर ओढला आणि तुरपाई करू लागली. बाहेर वेलावर शिंपिणीची लगबग चालली होती. घेर संपला, तशी सवयीनं तिची बोटं गाठ मारायला वळली आणि तिथंच थांबली.

"धाकटे," ती मान वर न करता म्हणाली, "टोक कसं सोडतेस ते दाखव मला. आणि हसलीस तर याद राख."

धाकटी हसली नाही. तिनं थोरलीचा हात हातात घेतला, सुईसकट, आणि शिकवायला लागली.