खनोरच्या बिया

इंदूबाईंनी गच्चीवरच्या बिया पुन्हा एकदा हाताने पसरल्या आणि वरून चुलीतली राख भुरभुरवली. तपकिरी, गुळगुळीत साली उन्हाने छान सुरकुतल्या होत्या. तूर असो की ज्वारी, या घरात ओलं बियाणं कुणी ठेवलं नव्हतं. सुनेने मात्र हे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवलं होतं. पोरगी गुणाची, पण बियाण्यातलं तिला काय कळतंय, असं इंदूबाईंचं प्रामाणिक मत होतं.

सून निकिता हिमाचलातल्या कुलूची. इंदूबाईंचा मुलगा अक्षय तिकडे हॉटेलात कामाला होता, तिथेच लग्न करून तिला दिग्रसला घेऊन आला. घरात ती कामापुरतं बोलायची. दसऱ्याला माहेरी गेली, तेव्हा येताना तिथल्या अंगणातल्या खनोरच्या, म्हणजे त्या डोंगरी झाडाच्या, बिया तेवढ्या आणल्या. आता भावाच्या लग्नाला ती पुन्हा जाणार होती. गेलेली पोरगी परत येते की नाही, या काळजीने इंदूबाईंना घास गोड लागत नव्हता. तिचं झाड इथे रुजलं तर तिचाही जीव इथे लागेल, म्हणून तर बियांची ही सेवा चालली होती.

निकिता कपडे वाळत घालायला वर आली आणि बादली घेऊन तशीच उभी राहिली. मग एक बी उचलून तिने कानाशी हलवली. आतला गर खुळखुळला.

"सूखलं की खनोर मरतं, माँजी. ओलंच पेरतात."

इंदूबाईंनी हाताची राख लुगड्याला पुसली.

"मले काय मालूम, माय. आपल्याकडं वाळवल्याबिगर बी टिकत नाई. तुह्या झाडाचं मीनंच वाटोळं केलं."

निकिता बिया गोळा करू लागली. मग तिने घरात जातं आहे का, असं विचारलं.

पलंगाखालचं जातं निघालं. साली काढून बिया दळल्या आणि ते पीठ पाणी बदलत बदलत कितीतरी दिवस भिजत ठेवलं, कारण कडूपणा गेल्याशिवाय ते पोटाला चालत नाही. तिची आजी हिवाळ्यात असंच करायची. पाणी ओतता ओतता निकिता बोलतच राहिली. त्यांच्या खनोरला पांढरे तुरे येतात, एका विलायती जातीला तांबडे, पण सावली त्यांच्याच झाडाची दाट. इंदूबाईंना निम्मं कळत नव्हतं, तरी त्या हुंकार भरत होत्या.

त्या पिठाचा शिरा जरा कडवटच झाला. इंदूबाईंनी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

निघायच्या दिवशी बसच्या खिडकीतून निकिताने हाक मारली.

"येताना बियांच्या दोन थैल्या आणते. एक तुमची, वाळवायला. दुसरीला हात नाही लावायचा."

बस वळेपर्यंत इंदूबाई मान डोलवत उभ्या होत्या.